हसऱ्या दिव्यापाशी

"दिवा हसायला लागला बघ! आधी बटण बंद कर, मग काय शिवायचं ते शीव!"

हा शिंपीणबाईंच्या आईचा आवाज. आईला जाऊन वर्षं लोटली, पण आवाज मागेच राहिला. सुईच्या नाकात दोरा ओवायला डोळा बारीक केला की तो हमखास कानाशी यायचा. तेव्हा मायलेकींची एकच खोली होती. पाठीला पाठ लावून दोन शिलाई मशिनी, मध्ये वायरला लोंबणारा एक दिवा आणि खाली चिंध्यांचा रंगीबेरंगी गालिचा. त्या गल्लीतली वीज मोठी लहरी. कधी दिवा विझत्या निखाऱ्यासारखा लाल व्हायचा, कधी ध्यानीमनी नसताना पांढराफटक होऊन खोलीभर दात काढायचा. आई कॉलर लावताना ओवी म्हणायची, काजं करताना ओवी म्हणायची, मग ती दिव्याला तरी कशी सोडणार?

मिणमिणता दिवा, त्याला भिऊ नये गं,
हसऱ्या दिव्यापाशी, बाई, बसू नये गं.

"का गं आई? उजेड जास्त मिळाला तर चांगलंच की!"

"कमी देतो तो बिचारा गरीब. जवळचं देतो. पण अचानक जास्त द्यायला लागला तर समजायचं, कुणाच्या तरी वाटचं याच्याकडे आलंय. ते पचत नाही बाई. त्यालाही नाही आणि आपल्यालाही नाही."

लग्न झाल्यावर शिंपीणबाईंनी ही ओवी मोठ्या कौतुकानं नवऱ्याला ऐकवली. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. गावभर त्याला घड्याळजीच म्हणायचे. त्यानं डोळ्याला लावलेलं भिंग न काढता सगळी ऐकली आणि म्हणाला, "अर्धी बरोबर आहे. मिणमिणत्यालाही भ्यायला हवं. वीज कमी पडली की फ्रीजची मोटर कण्हत राहते, तापते आणि जळते."

"आता माझ्या आईची ओवीही उघडून दुरुस्त करणार का तुम्ही?"

त्यावर घड्याळजी हसले होते. त्या हसण्यावरच संसार चालला.

दुकान कायमचं बंद केल्यावर याच घड्याळजींनी एके दिवशी दारात एक भलीमोठी पांढरी गाडी आणून उभी केली. गाडी कसली, चालतं घर. आत ओटा, पलंग, फ्रीज, छतावर एसी आणि वळायचं तर बाहेर येऊन वळावं एवढंसं न्हाणीघर. शेजारीपाजारी जमले, लेक-जावई आले आणि त्या सगळ्यांच्या देखत शिंपीणबाई कडाडल्या, "घर पाठीवर घेऊन गोगलगाय फिरते. मी काय गोगलगाय आहे? तुमच्या हौसेखातर एक वर्ष फिरेन. मग हे धूड विकायचं. शब्द द्या!"

घड्याळजींनी शब्द दिला. जन्मभर दुसऱ्यांची वेळ जुळवून देणारा माणूस, त्याचा शब्द मागेपुढे कसा होणार?

आता वर्ष भरत आलं होतं. आणि गंमत अशी की, शिंपीणबाईंना ती गाडी सोडवत नव्हती.

टोमण्यातलं नाव गाडीला कायमचं चिकटलं. गोगलगायीच्या उजव्या खिडकीशी एक घडीचं टेबल होतं. त्यावर त्यांनी आईची मशीन बसवली, मशीनच्या मानेवरच्या त्या जुन्या, तार लाल होणाऱ्या दिव्यासकट. खिडकी तीच, पण खिडकीतलं चित्र दर मुक्कामाला नवं. कुठे तळ्याकाठी गाडी लावायची, कुठे डोंगराच्या पायथ्याशी. मशीनचा आवाज ऐकून शेजारच्या गाड्यांतले लोक फाटके तंबू, अडकलेल्या चेनी, लांब झालेल्या पँटी घेऊन यायचे आणि जाताना उरलेला कपड्याचा तुकडा ठेवून जायचे. त्या तुकड्यांचे त्यांनी पडदे शिवले होते. एका ठिगळात समुद्राकाठची मावशी, दुसऱ्यात जुळ्या मुलींचा बाप. पडदा ओढला की वर्षभराची माणसं खिडकीत ओळीनं उभी राहायची.

हे सगळं नवऱ्याला सांगायचं कितीदा ठरवलं. पण घड्याळजीच म्हणायचे, "आता थोडेच दिवस गं. मग तुझी सुटका."

मग जीभ आपोआप वळायची. "सुटेन बाई एकदाची!"

आपलाच शब्द आपल्याच घशात अडकला होता. चारचौघांत एवढं बोलून बसल्यावर आता कोणत्या तोंडानं सांगायचं?

त्या दिवशी दुपारी ते एका नव्या तळावर येऊन लागले. झाडाखाली गाड्यांची रांग, प्रत्येक जागेपाशी कमरेएवढा विजेचा खांब. गाडी बघायला गिऱ्हाईक इथेच येणार होतं. लेकीनं शोधलेलं. फर्निचरचं दुकान असलेला कुणी हौशी माणूस.

घड्याळजी खाली उतरले आणि खांबाशी सोयरीक सुरू झाली. हा शब्दही शिंपीणबाईंचाच. इतर लोक वायर खांबात खोचून मोकळे होत. घड्याळजी आधी खांबाभोवती फिरत, सॉकेटची भोकं काळी पडलीत का ते भिंगातून बघत. मग मीटरच्या दोन सुया लावून वीज किती येतेय ते बघत, अर्थिंग आहे की नुसतंच भोक आहे ते बघत, कुणी तारा उलट्यापालट्या तर जोडल्या नाहीत ना ते बघत.

शिंपीणबाईंनी खिडकीतून मान काढली. "काय म्हणतोय मुलगा? घराणं बरं आहे ना?"

"दात थोडे काळे आहेत."

"तंबाखू खात असेल. पुढे विचारा."

मीटर सध्या तरी ठीक म्हणत होता. मग निघाला तो डबा. खांब आणि गाडी यांच्यामध्ये बसणारा, पोळपाटाएवढा, काळा. वीज कमी आली, जास्त आली, तारांत काही गडबड झाली, की हा मधल्यामध्ये तोडून टाकायचा. आणि सगळं ठीक असलं तरी लगेच आत सोडायचा नाही. काही वेळ नुसता लुकलुकत बसायचा, मग "टक्" करून खाकरायचा आणि मगच घरात वीज यायची. खाकरल्याशिवाय आत पाऊल टाकत नाहीत म्हणून शिंपीणबाईंनी त्याचं नाव मामंजी ठेवलं होतं. खरे सासरे होते तेही असेच. उंबऱ्यात उभं राहून घसा साफ केल्याशिवाय कधी स्वयंपाकघरात आले नाहीत.

मामंजी लुकलुकले. खाकरले. वीज आली. शिंपीणबाईंनी मशीनचं बटण दाबलं. तळ सांभाळणारी बाई मघाशीच आपला कामाचा अंगरखा देऊन गेली होती, खिसा उसवलेला. टाका घालणार तोच—

टक्. अंधार नाही, दुपारच होती. पण दिवा गेला.

"अहो, मामंजी रुसले!"

थोड्या वेळानं पुन्हा टक्. आली. पुन्हा टक्. गेली.

घड्याळजी डब्यावर वाकून आकडा वाचत होते. "जास्त येतेय. मध्येच बरी असते, मध्येच उसळते. काहीतरी सैल आहे गं, आणि ते आपल्याकडे नाही." त्यांनी वायर खांबातून काढली, डबा बाजूला ठेवला. "राखणदार बाईंना घेऊन येतो. तोवर हात लावू नकोस कशाला. मामंजी नाही म्हणाले ना, मग नाही."

ते गेले आणि गिऱ्हाईक आलं.

फर्निचरवाला मोठा गोड माणूस. आल्या आल्या त्यानं ओट्यावर टिचकी मारली, पलंगाखालच्या फळीवरून हात फिरवला, कप्प्याचं दार उघडलं-मिटलं आणि म्हणाला, "व्वा! बिजागरी बघा कशी लोण्यासारखी. कुणी तेल दिलं?"

"आमच्या ह्यांनी. घड्याळाचं तेल आहे ते."

"मावशी, हे पडदे तुम्ही शिवलेत? गाडीबरोबर पडदेही द्याल ना?"

"पडदे विकायचे नाहीत," त्या पटकन म्हणाल्या, आणि उठून त्यांनी पडदे काढायलाच घेतले. दांडीवरून सरकवून त्यांचं गाठोडं केलं आणि दाराशेजारच्या बाकाखाली कोंबलं. तिथे गाडीचा मेन स्विच होता. त्याच्यासमोर काही ठेवायचं नाही, असं घड्याळजींनी वर्षभर बजावलं होतं. पण विकायच्या गाडीत कसले आलेत नियम!

"एवढा एसी चालवून दाखवा, मावशी. आमच्या हिला उकाडा सोसत नाही. तो थंड झाला की झालंच समजा."

"वीज नाहीये सध्या. हे आले की—"

"खांब तर इथे आहे!"

"मामंजी नाही म्हणाले."

फर्निचरवाल्यानं इकडे तिकडे पाहिलं. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. मावशींना वयामुळे असं होत असेल, अशा समजुतीच्या चेहऱ्यानं तो म्हणाला, "बरं बरं. मामंजींना विचारून घेतो मी," आणि खाली उतरला. शिंपीणबाई दारापर्यंत पोचतात तो त्यानं वायर उचलून सरळ खांबात खोचली होती. मधला काळा डबा गवतात तसाच उताणा.

"अहो, काढा ती! डब्यातून घ्यायची असते!"

"डब्यानंच अडवलंय, मावशी. ही बघा, आली की नाही?"

आली होती खरी. फ्रीज घुरघुरला. मशीनचा दिवा नेहमीसारखा पिवळा, शांत. फर्निचरवाल्यानं आत येऊन आपला मोबाइल चार्जिंगला लावला आणि एसीचं रिमोट कुठे आहे ते शोधू लागला.

"रिमोट राहू द्या. आधी वायर काढा."

"काढतो हो, एवढा एसी बघितला की काढतो. दोन मिनिटांचं काम."

चहाची वेळ होत आली होती. रांगेतल्या गाड्यांत एकेक शेगडी चालू होत होती. पलीकडच्या गाडीतून कुणीतरी ओरडलं, "अहो, ही शेगडी तापत का नाहीये? आधण आहे की अंघोळीचं पाणी?"

आणि शिंपीणबाईंच्या मशीनवरचा दिवा हसला.

आधी ओठातल्या ओठात. पिवळ्याचा पांढरा झाला. मग दात दिसले. फ्रीजच्या आवाजाला धार चढली. गाडीतले बाकीचे दिवे बॅटरीवर चालणारे. त्यांच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही. शेजाऱ्याची शेगडी गार आणि आपला दिवा पांढरा. कुणाच्या तरी वाटचं आपल्याकडे येत होतं.

दिवा हसायला लागला बघ!

शिंपीणबाई उभ्या राहिल्या आणि तशाच थबकल्या. कारण त्याच क्षणी एक दुसराच विचार हळूच शेजारी येऊन बसला. होऊ दे ना. फ्रीज जाईल, पंप जाईल, एसीचा धूर निघेल. जळकी गाडी कोण घेतंय? गिऱ्हाईक पळेल. तुला तोंड उघडावंही लागणार नाही. शब्दही राहील आणि गाडीही.

टाका घालायला सुई खाली जाऊन वर यावी, तेवढाच तो विचार टिकला. मग त्यांना ती बिजागरी आठवली. दर आठवड्याला घड्याळजी त्या बिजागरीला काडीच्या टोकानं तेल देत, नातीच्या कानात थेंब घालावा तसं. फ्रीजच्या मागची धूळ ते मऊ कुंचल्यानं झाडत. ह्या माणसाच्या हातचं एवढं सगळं जाळून आपण खिडकी वाचवायची? चोरीच्या कापडाची झबली कुणी शिवतं का?

"रिमोट सापडलं!" फर्निचरवाला म्हणाला.

"दाबू नका!"

शिंपीणबाई बाकाखाली घुसल्या. पुढे पडद्यांचं गाठोडं. हाताला समुद्राकाठची मावशी लागली, जुळ्या मुलींचा बाप लागला. वर्षभराची माणसं वाट अडवून बसलेली. सगळ्यांना एका हातानं ओढून बाहेर फेकलं, दुसरा हात आत घातला आणि मेन स्विच खाली पाडला.

फट्!

फ्रीज गप्प. दिवा गप्प. फर्निचरवाल्याच्या मोबाइलचा चार्जर मात्र स्विच पडायच्या आधीच, क्षणभराच्या अंतरानं, निवर्तला होता. त्यातून धुराची एक बारीक रेघ निघाली आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला.

फर्निचरवाला हातात रिमोट घेऊन पुतळ्यासारखा उभा. "मावशी... हे काय होतं?"

"मामंजी," शिंपीणबाई बाकाखालून म्हणाल्या. केसांत जाळं, खांद्यावर पडदा.

घड्याळजी राखणदार बाईला घेऊन धावतच आले. आल्या आल्या त्यांनी खांबाचा स्विच पाडला, वायर उपटली, मग चढून बायकोकडे पाहिलं. "लागलं नाही ना तुला?"

"मला नाही. दिवा हसला, तसा मी मेन स्विच पाडला. ह्यांच्या चार्जरला लागलंय. तो गेला."

घड्याळजींनी मीटर लावून एकेक गोष्ट तपासली. फ्रीज शाबूत. पंप शाबूत. एसी तर सुरूच झाला नव्हता. तरी त्यांनी सगळं पुन्हा एकदा तपासलं.

राखणदार बाईनं सगळ्या रांगेची वीज बंद केली आणि शेवटच्या झाडाखालची पेटी उघडली. "सापडली ही! या, लांबूनच बघा."

पेटीत तीन जाड तारा वीज घेऊन येणाऱ्या आणि चौथी निळी, सगळ्या गाड्यांची वीज परत नेणारी. तिचा स्क्रू ढिला होऊन टोक कोळशासारखं काळं पडलं होतं.

"यायच्या वाटा तीन, परतीची एकच," राखणदार बाई पेचकस कमरेतून काढत म्हणाली. "ती सैल झाली की विजेला घरचा रस्ता सापडत नाही. मग ती ह्याच्या घरातून त्याच्या घरात धडका देत हिंडते. कुणाला उपाशी ठेवते, कुणाला अजीर्ण करते. तुम्ही तक्रार केली नसती ना, तर संध्याकाळपर्यंत अर्ध्या रांगेचे फ्रीज मेले असते."

"तक्रार आमच्या डब्यानं केली," घड्याळजी म्हणाले. "आणि वाचवलं हिच्या आईनं."

शिंपीणबाईंनी चमकून पाहिलं.

"अर्धीच ओवी बरोबर म्हणालो होतो मी," ते हळूच म्हणाले. "ह्या जुन्या दिव्याच्या जागी नवा एलईडी बसवू म्हणून तुझ्या मागे लागलो होतो. बसवला असता तर आज कळलं असतं का?"

टोक साफ झालं, स्क्रू आवळला गेला. घड्याळजींनी पुन्हा पहिल्यापासून सोयरीक मांडली, दात, घराणं, सगळं. मामंजी लुकलुकत बसले. ह्या खेपेला फर्निचरवालाही उकिडवा बसून त्यांच्याकडे आदरानं बघत होता. टक्. वीज आली. दिवा पिवळा, शांत, पोटभर जेवून बसलेल्या माणसासारखा. एसीनं गार वारा सोडला. पलीकडच्या गाडीतून आवाज आला, "उकळला गं, उकळला!"

शिंपीणबाईंनी राखणदार बाईच्या अंगरख्याचा खिसा शिवून टाकला, दुहेरी टीप मारून. चहा झाला. फर्निचरवाल्यानं आपल्या मेलेल्या चार्जरला कपाळाशी लावलं आणि ओट्यावर आडवं ठेवलं.

"माझाच गाढवपणा," तो म्हणाला. "दुकानात मी गिऱ्हाइकांना सांगतो, कपाट ढकलण्याआधी चाकं बघा. आणि इथे मीच... पण काका, आता माझं मत पक्कं झालं बघा. इतकी जपलेली गाडी मला दुसरी कुठे मिळणार? मी घेतली. डबाही हवा, मामंजींसकट."

त्यानं हात पुढे केला.

गाडी वाचवली म्हणूनच शिंपीणबाईंच्या हातची चालली होती.

घड्याळजी त्या पुढे केलेल्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, जणू तिथे काही वेगळी वेळ सापडेल. शेवटी बायकोकडे बघून हसायचा प्रयत्न केला. ते हसू त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं. कुणाच्या तरी वाटचं उसनं आणल्यासारखं पांढरं, जास्तीचं. शिंपीणबाईंना ते हसू पुरतं ओळखीचं होतं. वर्षाच्या ह्या शेवटच्या दिवसांत रोज त्या तेच बघत होत्या आणि रोज डोळे मिटून घेत होत्या.

"शब्द दिला होता हिला," घड्याळजी म्हणाले. "तेव्हा... सुटका कर गं आता. म्हण हो."

हसऱ्या दिव्यापाशी, बाई, बसू नये गं.

शिंपीणबाई उठल्या. बाकाजवळून पडद्यांचं गाठोडं उचललं आणि झटकलं. समुद्राकाठची मावशी, जुळ्या मुलींचा बाप, सगळे उघड्यावर आले. त्या एकेक कडी दांडीवर ओवू लागल्या. पाठ दोघांकडे होती, कारण तोंड दाखवून बोलणं अजून जमत नव्हतं.

"मघाशी मी म्हणाले ना, पडदे विकायचे नाहीत?" त्या म्हणाल्या. "मग ते लावायला खिडकी लागेल. खिडकीला गाडी लागेल. आणि अहो, गाडी चालवायला तुम्ही लागाल. लेकीला, जावयाला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना बोलवा हवं तर. त्यांच्यासमोर बोलले होते, त्यांच्यासमोरच सांगते. मी गोगलगाय आहे. मला नाही सुटायचं."